दादाला पाण्याखाली न्यायचं नियोजन

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दादाचा फोन. यंदा त्याला बासष्टावं लागेल आणि त्याला समुद्राखाली जाऊन प्रवाळ बघायचा आहे, पाठीवर हवेची टाकी बांधून. मी विचारलं, पोहता तरी येतं का अजून? म्हणाला, "पोहता येतं. नियोजन येत नाही. ते तू कर."

मी नाही म्हटलं. सहली काढणारे असतात, त्यांना विचार म्हटलं.

"तू सध्या काय करतेस?"

"घरी असते."

"मग?"

वहिनी मागून काहीतरी सांगत होती. मला ऐकू आलं नाही.

ऑपरेशन थिएटरमधली सिस्टरची नोकरी सोडून मला पाच महिने झाले. त्या केसच्या चौकशीचा निकाल माझ्या बाजूने लागला आणि त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. कारण वैयक्तिक, असं लिहिलं. घरी बरं वाटतं. दूध दाराशी येतं, किराणा दाराशी येतो. वहिनीचं म्हणणं, मी बाहेर पडत नाही. बाहेर पडायला काही कारण लागतं, इतकंच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वाचून काढलं. अवघड काही नाही, पण शिस्त लागते.

नवशिक्याला बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. सहा-आठ मीटर पुरे, रंगही तिथपर्यंतच टिकतात. प्रवाळाच्या कड्याची बाहेरची बाजू नको, तिथे ओढ असते. आतली बाजू घ्यायची, लाटेच्या आडची, तळाला वाळू असलेली. चंद्र अर्धा असतो त्या आठवड्यात पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं, कोळी त्याला भांग म्हणतात. आपल्याला भांगच हवा, उधाण नको. पाण्याखाली असताना श्वास रोखायचा नाही, हा पहिला नियम. वर येताना छातीतली हवा फुगते, आणि तोंड मिटलेलं असेल तर ती बाहेर पडायला स्वतःची वाट काढते. पाण्यातून आल्यावर चोवीस तास विमान नाही.

जुनी लांब पानांची वही काढली. पहिल्या पानावर "दादा" लिहून अधोरेखित केलं.

त्याला रात्री कळवलं की नियोजन करीन. लगेच म्हणाला, "आणि तूही यायचं. जोडीदाराशिवाय नेत नाहीत म्हणे." मी सांगितलं, जोडीदार म्हणून प्रशिक्षक असतो. "मला ओळखीचं माणूस लागतं." त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच, ते खरं. हो म्हटलं. अजून रद्द करता येईल.

९ फेब्रुवारी, सोमवार

चार ठिकाणी फोन केले. सगळ्यांना एकच प्रश्न: एका प्रशिक्षकामागे माणसं किती? पहिला म्हणाला आठ. काट. दुसरा म्हणाला, या तर खरं, मग बघू. काट. तिसरा हसला. चौथ्या ठिकाणी स्वतः प्रशिक्षकच फोनवर होती. म्हणाली, "दोन. तुम्ही दोघं म्हणजे झालं. आणि घाबरणारं कोण आहे ते आधी सांगा." मी सांगितलं, भाऊ. म्हणजे तो तसा घाबरट नाही, पण वय आहे. ती म्हणाली, "बरं."

तिने प्रकृतीचा फॉर्म पाठवला. चौतीस प्रश्न. संध्याकाळी दादाला फोनवर एकेक वाचून दाखवले.

"दमा?"

"नाही."

"फिट?"

"नाही."

"छातीचं ऑपरेशन, फुप्फुसाचा आजार?"

"नाही."

"नीट ऐकून तरी घे."

"तू विचार, मी नाही म्हणतो. लवकर आटपेल."

चौतीसही नाही. या वयात ते बरं लक्षण आहे. माझेही चौतीस नाही. शेवटी एक होता: गेल्या वर्षभरात मानसिक ताणासाठी उपचार घेतले का? घेतले नाहीत, म्हणून नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पाण्याखाली घालायचा मुखवटा आधी वापरून पाहावा म्हणून पोहण्याच्या तलावावर गेले. दादाला नेमकं काय होईल ते सांगता यायला हवं. घरून निघायला दीड तास लागला. गॅस, खिडक्या, नळ, कुलूप, मग जिन्यावरून परत येऊन पुन्हा कुलूप. खाली शेजारच्या काकूंनी विचारलं, "बऱ्याच दिवसांनी?" मी म्हटलं, भावाचं काम आहे.

तलावात चेहरा बुडवून नाकाने श्वास घेऊन पाहिला. काचेचा मुखवटा नाकावरही बसतो, त्यामुळे श्वास येत नाही, नुसतं रबर चिकटतं. सवय तोंडाची करावी लागेल. वीस मिनिटं सराव. पाणी गार.

दादाला फोन करून सगळं समजावलं. त्याने तीन प्रश्न विचारले. तिन्हींची उत्तरं द्यायला मला पुन्हा तलावावर जावं लागेल.

२८ फेब्रुवारी, शनिवार

तलावावर पाचवी खेप. आज कुलूप एकदाच पाहिलं. उशीर झाला होता.

दादाचे प्रश्न संपत नाहीत. काल विचारलं, डोकं खाली करून उतरायचं की पाय? परवा विचारलं, मासे बघतात का आपल्याकडे? नोकरीत असताना एवढा मोठा प्रकल्प सांभाळायचा, तेव्हा हा माणूस काय करत होता कोण जाणे.

१० मार्च, मंगळवार

पोचलो. प्रवास ठीक. खोली दुसऱ्या मजल्यावर, दोन पलंग, मध्ये पडदा, मागे बर्फाचा कारखाना. सकाळी चारला लाद्या भरायला सुरुवात होते असं व्यवस्थापकाने आधीच सांगून टाकलं. बाल्कनीतून जेटी दिसते. पाणी हिरवं, पलीकडे पांढरी रेघ. ती रेघ म्हणजे प्रवाळाचा कडा, त्यावर फुटणारी लाट.

सामान लावताना यादी ताडून पाहिली. दादाने पोहण्याचे कपडे आणलेलेच नाहीत. यादीत चौथा क्रमांक. मधल्या पानावर, ठळक. त्याऐवजी त्याने जाडजूड कादंबरी आणली आहे, दुर्बीण, आणि घडीची खुर्ची.

"खुर्ची कशाला?"

"होडीत बसायला."

"होडीत किती वेळ बसणार आहेस?"

"ते तू सांगशील ना, इन्स्पेक्टरबाई."

उद्या सकाळी त्याच्यासाठी अर्धी चड्डी विकत घ्यायची.

११ मार्च, बुधवार

घेतली. लागली नाही.

पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना इथली डॉक्टरीण तपासते, मगच पाण्यात सोडतात. दवाखाना जेटीला लागूनच. आधी माझा नंबर. रक्तदाब थोडा वर, तिने दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतला, खाली आला. पास.

मग दादा. तिने सदरा काढायला लावला, मागून छाती ऐकली, डावा हात वर करायला सांगितला आणि तिथेच थांबली.

"ही खूण कशाची?"

काखेखाली, दोन बरगड्यांमध्ये, बोटाच्या पेराएवढा व्रण. मी खुर्चीतूनच ओळखला. छातीत नळी घातल्याचा. अशा नळ्या मी अठ्ठावीस वर्षं डॉक्टरांच्या हातात दिल्या आहेत. भावाच्या अंगावरचा व्रण मला आज दिसला, कारण तो कायम बनियन घालतो.

दादा म्हणाला, "फुप्फुस बसलं होतं एकदा. आपोआप. एकोणतिसाव्या वर्षी."

"मग तुम्हाला नाही जाता येणार," डॉक्टरीण म्हणाली. "आज नाही आणि पुढेही नाही. पाण्याखाली फुप्फुस पुन्हा बसलं तर वर येईपर्यंत हातात काही राहत नाही."

"हो का," दादा म्हणाला आणि सदऱ्याची बटणं लावू लागला.

बाहेर आल्यावर मी त्याला बोलले. बरंच बोलले, जेटीवर, लोकांदेखत. फुप्फुस बसलं तेव्हा तो परदेशात नोकरीला होता आणि त्याने घरी न्यूमोनिया म्हणून कळवलं होतं. आई घाबरेल म्हणून. ते एक वेळ समजू शकते. पण मी प्रश्न वाचून दाखवला होता, स्पष्ट, छातीचा, वेगळा. असं कुणी विसरतं?

"विसरलो," म्हणाला. "खरंच. वय झालं."

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. "मग उद्या तू एकटीच जातेयस ना गं? घाबरू नकोस." मी तिला अजून काही सांगितलं नव्हतं. दादा तर सकाळपासून माझ्याबरोबर होता, त्यानेही फोन केलेला मी पाहिला नाही. तिला कसं कळलं ते विचारणार होते, पण बर्फाचा ट्रक शेजारीच उभा होता, काही ऐकू येईना.

मी रद्द करायला प्रशिक्षकाकडे गेले. पस्तिशीची, रापलेली, कमी बोलणारी बाई. दादा तिला माझ्याजवळ पाणकोंबडी म्हणतो. तिने वहीकडे बोट दाखवून विचारलं, "हे सगळं तुम्ही केलंत?" तिने पानं उलटली. भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा, उतरण्याची जागा, सगळं. "माझ्यापेक्षा नीट आहे. मग कुणीतरी जायला हवं." दुपारी उथळ पाण्यात सराव ठेवला आहे, तो तरी करून बघा म्हणाली. सराव करायला हरकत नव्हती.

सराव: छातीएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसायचं, नळी तोंडातून काढून परत घालायची, मुखवट्यात थोडं पाणी घेऊन नाकाने फुंकून बाहेर काढायचं. हे जमलं. खुणा पाठ होत्या. अंगठा वर म्हणजे छान असं नाही, अंगठा वर म्हणजे वर चला. छानला अंगठा आणि पहिलं बोट जुळवायचं.

एक गोष्ट तिला पटली नाही. टाकीत किती हवा उरली ते दाखवणारं घड्याळ असतं, ते मी हातात धरून होते. ती म्हणाली, "हे मी बघणार."

"दोघींनी बघितलं तर बिघडलं कुठे?"

"तुम्ही दर पाच सेकंदांनी बघताय. हेच बघायचं असेल तर खोलीत बसूनही बघता येईल." आणि तिने ते माझ्या हातातून काढून पट्ट्यामागे खोचलं.

उद्या सकाळी साडेसात. जाईन असं नक्की नाही.

१२ मार्च, गुरुवार

गेले.

होडीत मी, प्रशिक्षक, नावाडी आणि घडीच्या खुर्चीवर दादा. वारा नव्हता. कड्याच्या आतल्या बाजूला नांगर टाकला तिथे तळ होडीतूनच दिसत होता. मी टाकी चढवताना दादा पट्टे बघत होता. त्याचा हात माझ्या खांद्यावरच्या बकलपर्यंत आला आणि मागे गेला. "हे असंच असतं का?" त्याने प्रशिक्षकाला विचारलं. ती हो म्हणाली.

नांगराच्या दोरीला धरून पायांकडून उतरलो. दर हातभर कान मोकळे केले. पाच मीटरवर मुखवट्यात पाणी आलं. थोडंच होतं, कालच्याएवढंच, पण नाकात गेलं आणि मला वर जायचं होतं. विचार वगैरे काही नाही. फक्त वर, आणि तोंड घट्ट मिटून. नेमकं तेच, जे मी दादाला दहा वेळा बजावलं होतं.

प्रशिक्षकाने माझा पट्टा धरला. वर जाऊ दिलं नाही, खालीही ओढलं नाही. तोंडासमोर आली आणि हाताचा पंजा सावकाश वर-खाली करू लागली. श्वास घ्या, सोडा. मी घड्याळ चाचपलं, ते हाताशी नव्हतं. तेव्हा तिचा पंजाच बघत राहिले. किती वेळ ते माहीत नाही, मोजलं नाही. मग नाकाने फुंकलं, पाणी गेलं, आणि समोर ती स्पष्ट दिसली. तिने विचारलं: वर? मी बोटं जुळवली.

सात मीटर. जे पाहिलं ते असं.

मेंदूसारखा म्हणतात तो प्रवाळ आहे. मी मेंदू पाहिलेला आहे, तो इतका नीटनेटका नसतो. हरणाच्या शिंगांसारखा एक आहे, त्यात बोटाएवढे निळे मासे. आपण जवळ गेलो की सगळे एकदम आत, मग सगळे एकदम बाहेर. एक हिरवा मासा दातांनी दगड खातो, त्याचा कुरकुर आवाज ऐकू येतो. काही जागी प्रवाळ मेलेला आहे, राखाडी, त्यावर शेवाळ. मासे तिथेही होते.

मग एक मोठा मासा, हातभर लांब, तपकिरी, एका जागी तोंड उघडून उभा होता. काड्यांएवढे लहान मासे त्याच्या तोंडात जात होते. ते दात, गाल, कल्ले साफ करतात आणि तो त्यांना खात नाही. हे वाचलं होतं. तीन आत गेले. दोन बाहेर आले. मी तिसऱ्यासाठी थांबले.

प्रशिक्षकाने पुढे चलायची खूण केली. मी नाही म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी वाळूवर गुडघे टेकले.

मोठ्या माशाने तोंड मिटलं. परत उघडलं. आत काही दिसत नव्हतं. तोंडाकडेच बघत होते. मग त्याच्या गालाचं झाकण हललं आणि तिसरा तिथून, बाजूने, बाहेर आला आणि दुसऱ्या माशाकडे निघून गेला.

एकूण चौतीस मिनिटं. वर आल्यावर दादाने टाकी ओढून घेतली आणि विचारलं, "सांग."

मी सांगितलं. तो मध्येमध्ये थांबवत होता: निळा म्हणजे कसला निळा? दगड खातो म्हणजे खडखड की कुरकुर? जेटीवर सांगितलं, जेवताना सांगितलं, बाल्कनीत सांगितलं. संध्याकाळी माझा घसा बसला. नावाड्याने दुपारी सांगितलं की मी खाली असताना दादाने कादंबरी उघडलीच नाही, पूर्ण वेळ माझे बुडबुडे बघत होता, दुर्बिणीतून. बुडबुडे होडीपासून दहा हातांवर होते.

१३ मार्च, शुक्रवार

आज विमान नाही. नियोजनात आजच्या पानावर मी "काही नाही" असं लिहिलं होतं.

बाल्कनीत चहा. दादा म्हणाला, "मलाही जायचं होतं गं." मी म्हटलं, माहीत आहे, नाहीतर एवढा खटाटोप कुणी केला असता? तो हसला.

त्यानंतर मी बोलले. का ते माहीत नाही, चहा चालला होता.

"दादा, ते पाकीट मी सुटं करून मोजलं नव्हतं."

कसलं पाकीट असं त्याने विचारलं नाही. मीच सांगितलं. पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला कापडाचे जाड चौकोन वापरतात, आम्ही त्यांना मॉप म्हणतो. पाकिटात पाच असतात. नियम असा, की पाकीट फोडलं की एकेक सुटा करून मोठ्याने मोजायचा. माझ्या अठ्ठावीस वर्षांत पाचच निघाले. त्या दिवशी रक्त फार होतं, डॉक्टर हात पुढे करून उभे. मी गठ्ठा तसाच दिला आणि फळ्यावर पाच लिहिले. त्यात सहा होते. शेवटची मोजणी जुळली आणि पोट शिवलं, सहावा आतच राहिला. अकरा दिवसांनी त्या बाईंना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. त्या बऱ्या झाल्या, कामावरही गेल्या. चौकशीत दोष पाकीट बनवणाऱ्यावर गेला. मला कुणी विचारलंच नाही, सुटे केले होते का. विचारलं असतं तर सांगितलं असतं. असं मला वाटतं.

दादा म्हणाला, "आता सांगितलंस."

"तुला सांगून काय उपयोग?"

"तेही खरं." त्याने माझा कप उचलून त्यातली माशी काढली. "मग कुणाला सांगायला हवं?"

मी म्हटलं, चहा गार झाला. तो दुसरा आणायला खाली गेला. पाय मोकळे करून येतो म्हणाला आणि तासाभराने आला.

१८ मार्च, बुधवार

घरी येऊन चार दिवस झाले. कपडे धुतले, मुखवटा गोड्या पाण्यात बुडवून वाळवला.

दादाचा विचार डोक्यातून जात नाही. छातीत नळी घातल्याचं माणूस विसरतो. यादीतला चौथा क्रमांक विसरतो. एकच प्रश्न तीन-तीनदा विचारतो. बासष्ट म्हणजे काही म्हातारपण नाही. वहिनीला मी म्हटलं, ही लक्षणं बरी नाहीत, वेळेवर दाखवलेलं बरं. ती फोनवर खोकल्यासारखं काहीतरी करत होती. मग म्हणाली, "दाखवू या. तूच ने बाई त्याला. माझं तो ऐकत नाही."

आमच्या हॉस्पिटलात स्मृतीचे चांगले डॉक्टर आहेत. सकाळी अकराला फोन केला. ऑपरेटरने आवाज ओळखला आणि मला थांबवून थिएटरला जोडलं, न विचारता. तिथे आमच्याच एका सिस्टरने उचलला. "कुठे होतात?" म्हणाली. मी म्हटलं, समुद्रात. तिला वाटलं मी चेष्टा करते.

वेळ मिळाली: मंगळवार, सकाळी दहा. तपासणीला तास-दीड तास लागतो आणि नातेवाइकांना आत बसू देत नाहीत. मेट्रन, आम्हा सगळ्या सिस्टरांची प्रमुख, मंगळवारी दहा ते बारा आपल्या खोलीत असते. तिला निरोप ठेवला आहे की मी येऊन जाईन, दहा मिनिटांचं काम आहे, जुन्या केसबद्दल, आणि ते तिने लिहून घ्यावं. माझं म्हणणं मी आधीच कागदावर उतरवलं आहे. पाऊण पान झालं.

दादाला कळवलं. मला वाटलं वाद घालेल. म्हणाला, "तू म्हणतेस तर येतो. पण मला आठवण कर हं, मी विसरेन."

आठवण दोनदा करायची: सोमवारी संध्याकाळी आणि मंगळवारी सकाळी आठला.